श्रावण पाळतात, मग व्यसन कसं?

आषाढ सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "मॅडम, हे श्रावणात दारूचा एक थेंब घेत नाहीत. महिनाभर कडक. मग व्यसन कसं म्हणायचं?" काही जणी हे आशेनं विचारतात, काही जणी रागानं. "महिनाभर सोडता येतंय, मग अकरा महिने का न्हाई? म्हणजे मुद्दाम करत्यात नव्हं?" कोल्हापुरात १८ वर्षं मी व्यसनमुक्तीसाठी समुपदेशक म्हणून काम करतेय. कधी श्रावणाच्या जागी नवरात्र येतं, कधी गळ्यातली माळ, कधी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. प्रश्न तोच राहतो. त्याचं उत्तर मला ज्या जोडप्याकडून सगळ्यात स्वच्छ मिळालं, त्यांची गोष्ट सांगते. दोघांच्या संमतीनं, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

त्यांना विलासराव आणि शोभाताई म्हणू. विलासराव उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर. वय ४४. बारीक टॉलरन्सचा, म्हणजे मापात केसभर फरक न चालणारा जॉब असला की मालक तो यांच्याच हातात देणार, असा त्यांचा लौकिक.

शोभाताई पहिल्यांदा आल्या त्या एकट्याच, गटारी अमावास्येच्या चार दिवस आधी. खुर्चीवर बसल्या बसल्या पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत पांढऱ्या गोळ्यांचा चुरा होता. कुणीतरी दिला होता, चहातून घालायला. "माणसाला कळत न्हाई आणि दारू सुटती म्हणे. घालू का?"

असा चुरा मी बऱ्याचदा पाहिलाय. बहुतेक वेळा ती डायसल्फिरामची गोळी असते. दारू यकृतात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग यकृत त्याची पुढे विल्हेवाट लावतं. ही गोळी ती पुढची वाट बंद करते, आणि विष अंगातच साचतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली, तेव्हा या रसायनाचा हा गुण १९३७ मध्ये प्रथम नोंदला गेला. पुढे १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचं औषध झालं. ज्याला ठाऊक आहे, ज्यानं स्वतः होकार दिलाय आणि ज्याची डॉक्टरांनी तपासणी केलीय, त्याला ते उपयोगी पडतं. न सांगता चहातून दिलं आणि त्या माणसानं संध्याकाळी क्वार्टर मारली, तर जीवही जाऊ शकतो. मी ती पुडी ठेवून घेतली.

मग विचारलं, "रोज किती घेतात?"

"दोन क्वार्टर. कधी जास्त."

"सकाळी?"

"सकाळी न्हाई ओ. कामावर जात्यात की."

"आणि चार दिवसांनी एकदम बंद?"

"व्हय. सासूबाईंचा नेम हाय घरात. श्रावणात घरात बाटली न्हाई."

मी त्यांना म्हटलं, यंदा असं एकदम बंद करू देऊ नका. आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, ते औषध सुरू करतील, मग बंद करू. शोभाताई उठून उभ्याच राहिल्या. "म्हणजे तुम्ही श्रावणात पाजा म्हणताय व्हय? मी कशाला आलो हितं?" (आमच्याकडच्या बायका 'मी आलो' असंच म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते, मला त्यात माझी आजी ऐकू येते.)

त्यांचा राग मला समजत होता. देवाच्या महिन्यात दारू एकदम बंद करू नका, असं समुपदेशकानं सांगावं हे कुठल्याही घराला पचणारं नाही. मी त्यांना तालमीतलं उदाहरण दिलं. समोरच्या पैलवानानं रेटा दिला की आपणही तेवढाच रेटा देतो, म्हणून दोघे उभे राहतात. दारू मेंदूला रोज खाली दाबते, सुस्त करते. मेंदू मरगळून चालत नाही, त्याला श्वास, झोप, हातपाय सगळं चालवायचं असतं. म्हणून तो उलट रेटा देऊन जास्त जागा, जास्त ताठ राहायला शिकतो. दहा वर्षं असा रेटारेटीचा सराव झाल्यावर समोरच्यानं एका रात्रीत अंग काढून घेतलं, तर उरलेला तोंडावरच पडणार. दारू थांबली तरी मेंदूचा रेटा चालूच असतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस त्यात दगावू शकतो.

त्या ऐकून गेल्या. पण घरी सासूबाईंपुढे बोलायचं धाडस त्यांना झालं नाही.

श्रावणाच्या दुसऱ्या रात्री विलासरावांना फिट आली. घरात एकच गडबड. शेजारच्यांनी लिंबू उतरवलं, कुणी बाहेरचं आहे म्हणालं, नेम कुठंतरी मोडला म्हणून देव कोपला असंही निघालं. शोभाताईंनी मात्र दिराला रिक्षा काढायला लावली आणि थेट दवाखाना गाठला. त्यांनी डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगितलं, "रोज पीत होते, परवापासनं बंद हाय." हे एक वाक्य किती मोलाचं असतं! लाजेपोटी घरचे ते लपवतात, आणि डॉक्टर फिटचं कारण भलतीकडेच शोधत बसतात. शिवाय रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं बी-१ त्यातच खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर बी-१ चं इंजेक्शन आधी देतात. 'जरा अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' म्हणत गल्लीतल्या दवाखान्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसऱ्या दिवशी त्यांना भ्रम झाला. पलंगावर पडल्या पडल्या विलासराव उजव्या हातानं हवेत एक चाक फिरवत होते, डाव्या हातानं काहीतरी पुसत होते आणि मधेच वाकून डोळा बारीक करून बघत होते. परिचारिकेला कळेना. शोभाताईंना लगेच कळलं. ते लेथ चालवत होते.

सात दिवसांनी ते घरी आले, आणि आणखी पाच दिवसांनी माझ्यासमोर. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला अष्टगंध, मान ताठ.

"मला व्यसन न्हाई मॅडम. मी दरवर्षी श्रावण पाळतो. हे फिटचं काय ते डोक्याचं दुखणं असंल."

इथे वाद घालायचा मोह होतो. सुरुवातीची काही वर्षं मी घालायचेही. रिपोर्ट पुढे करायचे, शपथा घ्यायला लावायचे. ते मी केव्हाच सोडलं. समोरच्याच्या अंगावर मुद्दा फेकला की तो आपला बचाव करतो, आणि बचाव करता करता स्वतःच्याच तोंडून आपल्याला पटवतो की मला काही झालेलं नाही. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये हे मांडलं, आणि माझ्या खुर्चीत बसलेल्या शेकडो माणसांनी ते मला पुन्हा पुन्हा शिकवलं. म्हणून मी त्यांच्या अभिमानाच्याच जागेवर गेले.

"चार वर्षांपूर्वीचा श्रावण कसा गेला होता?"

"एकदम झकास."

"त्याच्या पुढचा?"

"झोप न्हाई लागली दोन-चार रात्री."

"त्याच्या पुढचा?"

"जरा कणकण होती. पावसाचा ताप."

"घाम?"

"व्हय. आणि हात हलायचे."

"गेल्या वर्षी?"

थोडा वेळ गेला. "गेल्या वर्षी तीन दिवस कामावर गेलो न्हाई. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. कुणाला सांगितलं न्हाई."

आणि यंदा फिट. पाच श्रावण एका ओळीत मांडल्यावर त्यांनी स्वतःच वर बघितलं. वर्षभर भरपूर पिणं आणि मग एकदम बंद, असं पुन्हा पुन्हा झालं की दर खेपेला मेंदू आधीपेक्षा जास्त भडकतो. म्हणजे ज्या श्रावणाला ते व्यसन नसल्याचा पुरावा म्हणत होते, तोच दरवर्षी आजाराची चढती पायरी दाखवत होता.

तरीही त्या दिवशी ते पुरते हलले नाहीत. ते घडलं तिसऱ्या भेटीत. एव्हाना विलासराव कामावर जायला लागले होते. किती पीत होता हे मी विचारायचं सोडून दिलं. त्याचे आकडे सगळेच खोटे सांगतात. मी विचारलं, "सकाळचा पहिला घोट तुम्हाला काय द्यायचा?"

शोभाताई म्हणाल्या, "सकाळी न्हाई घेत ओ मॅडम."

विलासराव बायकोकडे न बघता म्हणाले, "हात थांबायचा."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग ते सावकाश बोलायला लागले. दोन वर्षांपासून त्यांच्या टूलबॉक्समध्ये पुसायच्या सुताच्या वेस्टखाली एक क्वार्टर असायची. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी दोन घोट. चव नको, नशा नको. मायक्रोमीटर धरायचा असायचा, आणि एक शतांश मिलीमीटरचं माप थरथरत्या हातानं घेता येत नाही. घोट घेतला की दहा मिनिटांत हात दगडासारखा स्थिर. "लोक मजा करायला पीत्यात मॅडम. मी सरळ उभं राहायला प्यायचो."

मी पुन्हा माझं तालमीचं उदाहरण काढलं. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढला. कामावरून सरळ आले होते. दोन्ही जबडे हळूच एकमेकांना टेकवले आणि माझ्यापुढे धरला. "हे बघा. बंद केल्यावर शून्यावर रेघ जुळली पायजे. हा खाली पडला, आपटला, का रेघ सरकती. मग चांगला जॉबसुद्धा कमी मापाचा दाखवतंय. माणूस म्हणतो जॉब खराब. जॉब बरोबर असतोय." ते थांबले. "म्हणजे माझं शून्य सरकलंय. न पिलेला दिवस मला मायनसमधे दिसतोय. झिरो एरर आलाय म्हणा की."

इतक्या वर्षांत व्यसनाची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही, आणि मी ती त्यांच्या तोंडून ऐकली याचा मला आजही आनंद आहे. अमेरिकेतले संशोधक जॉर्ज कूब कित्येक वर्षं हेच सांगत आलेत. दारू असो, गर्द असो, झोपेच्या गोळ्या असोत, मेंदू आपल्या समतोलाची रेघच खाली सरकवतो. सुरुवातीला माणूस शून्यावरून वर जाण्यासाठी घेतो; पुढे शून्यापर्यंत यायलाही घ्यावी लागते. पोराचं हसणं, बायकोच्या हातचं जेवण, तालमीच्या फुटबॉल टीमचा गोल, या सगळ्यांतून जो आनंद मिळायचा तो सरकलेल्या रेघेवर कमीच दिसतो. घरच्यांना वाटतं, याचं आमच्यावर प्रेम राहिलं नाही.

शोभाताई तेव्हा रडल्या. त्या दोन वर्षं विचारत होत्या, "आमच्यापेक्षा ती बाटली प्यारी हाय का?" याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. प्रेम मोजायचं यंत्रच बिघडलं होतं.

माझं सगळं काम या एका विश्वासावर उभं आहे: आधी शरीर, मग मन, मग घर. हात थरथरतोय, रात्र रात्र झोप नाही, अशा माणसाला 'मुलांचा विचार कर' सांगून काही होत नाही. आणि शरीर सावरल्यावर आजाराला शब्द माणसानं स्वतःच्या धंद्यातला, स्वतःच्या घरातला द्यावा. माझा शब्द माझ्या खोलीत राहतो. झिरो एरर विलासरावांसोबत उद्यमनगरात गेला.

"मग हे सेट होतंय का?" त्यांनी विचारलं. तेच सांगितलं जे खरं आहे. मायक्रोमीटर बारीक पान्यानं पाच मिनिटांत सेट होतो. मेंदूला महिने लागतात. थरथर आठवड्यात जाते. झोप नीट व्हायला कित्येकदा काही महिने जातात. मधल्या काळात चिडचिड होते, सगळं बेचव लागतं, आणि 'न पिऊन काय मिळालं?' असा प्रश्न पडतो. बरेच जण इथेच परत फिरतात. ही चढण आहे हे आधीच माहीत असलं तर माणूस टिकतो. ओढ कमी करणारी औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतात. त्यांनाही घ्यायला लावली.

यकृताचंही बोलणं झालं. एका १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास संपवतं. सराईत पिणाऱ्याचं जास्तही असू शकतं. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते साडेआठ तास. रात्री नऊला दोन क्वार्टर घेणारा माणूस सकाळी आठला मशीनवर उभा राहतो तेव्हा बऱ्याचदा पुरता उतरलेला नसतो. लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची आंघोळ, काळा चहा, कशानंही यकृताचा वेग वाढत नाही. आणि यकृत दुखत नाही. चरबी साठते तेव्हा गप्प, सूज येते तेव्हाही बहुधा गप्प. पोटात पाणी भरून डोळे पिवळे होतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. विलासरावांच्या सोनोग्राफीत चरबी होती, त्यापुढे गेलेलं नव्हतं. एवढ्यावर थांबलं तर यकृत बऱ्याचदा काही आठवड्यांत सुधारायला लागतं. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी फोन आला, आवाज पडलेला. फुलेवाडीला घरी जाताना वाटेत त्यांचा जुना बार. आतून सुक्क्या मटणाचा वास आला, आणि तोंडाला पाणी सुटलं, पोटात कालवलं, हात हलायला लागले. "चार महिन्यांनी? म्हणजे मी सुधारलोच न्हाई का?"

शरीर फार हुशार असतं. दारू येणार असा इशारा मिळाला की ती यायच्या आधीच ते तिच्या विरुद्ध तयारी करतं. रोज संध्याकाळी तोच रस्ता, तोच वास, तेच खारे शेंगदाणे आणि मग दारू. हजारो वेळा शिकलेला हा धडा चार महिन्यांत पुसला जात नाही. ती लाट असते. चढते, आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा असतो, पाय दुसरीकडे वळवायचे असतात. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला आणि संध्याकाळी गंगावेशीत थांबायला लागले. समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात मिळतो, त्या कट्ट्यावर. रिकाम्या पोटी ओढ जास्त येते, म्हणून दुधाचा शरीराला उपयोग होताच. पण मला वाटतं, संध्याकाळी सातला चार माणसांत उभं राहून हातात पेला धरण्याची त्यांची जी सवय होती, तिला त्यांनी जागा शोधून दिली. हे मी सुचवलं नव्हतं.

सातव्या महिन्यात पाहुण्यांकडच्या जत्रेत एकदा घसरले. एक रात्र. दुसऱ्या दिवशी दोघेही आले. घसरणं या आजारात होतं. मधुमेहाच्या माणसाची साखर लग्नात वाढते तसं. घरात आरडाओरडा झाला असता तर ती एक रात्र पंधरा दिवसांची झाली असती. शोभाताईंनी फक्त विचारलं होतं, "मॅडमकडं जाऊया का?"

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. महिनाभर थांबता येतं का, हे आम्ही विचारतच नाही. विचारतो ते हे: थांबल्यावर अंग काय करतं? पुन्हा सुरू केल्यावर एक पेग एकावर राहतो का? पूर्वी नाइन्टीत चढायची तिला आता क्वार्टर लागते का? सकाळी सरळ व्हायला लागते का? काम, पैसा, तब्येत बिघडतेय हे दिसूनही चालू आहे का? श्रावण पाळणारे सगळेच व्यसनी नसतात. पण श्रावणाच्या पहिल्या तीन दिवसांत ज्याला 'पावसाचा ताप' येतो, त्याच्या घरच्यांनी पुढच्या आषाढाआधी डॉक्टर गाठावा. घरात मोठी मुलं असतील तर त्यांच्याशीही बोला. व्यसनाचा जवळजवळ निम्मा धोका रक्तातून येतो, आणि लहान वयात सुरुवात झाली तर तो कितीतरी वाढतो. विलासरावांचा १९ वर्षांचा मुलगा मावा खायचा, त्याच्याशीही मी चार वेळा बसले. कुठे जावं कळत नसेल तर नशामुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. मन ढासळलं असेल तर टेलीमानसचा १४४१६.

यंदा गटारीच्या आदल्या दिवशी दोघे पेढे घेऊन आले. श्रावणाचा विषय निघाला नाही. जाता जाता शोभाताई दारात थांबल्या, खाली मान घालून म्हणाल्या, "मॅडम, एक चुकतंय माझं. हे घरी आले की मी अजून तोंडाचा वास बघतो. विश्वास न्हाई असं न्हाई. पण सवयच लागलीया. ह्यांना राग येत असंल."

विलासराव चपला घालत होते. "बघू दे की," ते म्हणाले. "माल गेटवर आला की इन्स्पेक्शन होतंयच."